मुकादमाच्या वहीतले अठरा हजार

प्रश्न : इंदुरात माझी हाउसकीपिंगची कंपनी आहे. १४० माणसं, नऊ साइट. दोन हॉस्पिटलं, एक मॉल, काही ऑफिसं आणि पिथमपुरातला एक औषधांचा कारखाना. त्या कारखान्याची मूळ कंपनी ब्रिटनमधली आहे. तिथून ‘आधुनिक गुलामगिरी’बद्दल बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म आला आहे. वाचून हसू आलं. आमच्याकडे सगळ्यांचा पगार बँकेत जातो, कुठले गुलाम? पण त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या साइटवरची झाबुआकडची एक बाई ऑफिसात आली. तिला गावी जायचं आहे आणि मुकादम म्हणतो, आधी अठरा हजार फेड. तिचं आधार आणि एटीएम कार्ड त्याच्याकडेच आहे. मुकादम सहा वर्षांपासून आमच्याबरोबर आहे, माणसं कमी पडली की दोन दिवसांत वीस आणून उभी करतो. मी अठरा हजार भरून तिला मोकळी करू का? आणि फॉर्ममध्ये काय लिहू?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर :

ताई, अठरा हजार भरू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण त्या पैशाने ती बाई मुकादमाच्या वहीतून निघून तुमच्या वहीत येईल. शिवाय मुकादमाचं येणं खरं होतं, असं तुम्हीच पैसे देऊन मान्य केल्यासारखं होईल. फॉर्म पंधरा दिवस थांबू शकतो. बाईचं काम या आठवड्यातलं आहे, म्हणून आधी तेच.

कायदा १९७६चा आहे, वेठबिगार निर्मूलनाचा. त्यात वेठबिगाराची व्याख्या बरीच रुंद आहे. उचल घेतल्यामुळे माणसाला बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राबावं लागत असेल, किंवा दुसरीकडे काम धरता येत नसेल, किंवा हवं तिथे जाता येत नसेल, तर यातली एक गोष्टही पुरते. नाममात्र म्हणजे किमान वेतनापेक्षा कमी. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३मधली सक्तीची मजुरी आहे. तुमच्या बाईला गावी जाता येत नाही, कागद दुसऱ्याच्या ताब्यात आहेत आणि कारण उचलीचं आहे. असं कर्ज कायद्याने आपोआप संपतं. ते वसूल करणं तर सोडाच, स्वीकारणं हाही तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कर्ज वेठबिगारीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारीही पैसे देणाऱ्यावर असते, घेणाऱ्या बाईवर नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आज तिला तिचं आधार आणि कार्ड परत मिळवून द्या. मुकादमाला ऑफिसात बोलवा, बोलण्यात वेळ न घालवता कागद टेबलावर ठेवायला सांगा. शक्यतो त्या वेळी बाई तिथे नसावी. तिचा आजपर्यंतचा पगार, डबल ड्युटीचे पैसे आणि उरलेल्या रजेचे पैसे काढा. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता करायचा असतो. पैसे तिच्या खात्यात पडले आणि कार्ड तिच्या हातात आलं, की मगच गंगवाल बसस्टँड. पीएफचा क्रमांक आणि पगाराच्या पावत्या लिफाफ्यात घालून सोबत द्या. परत यायचं असेल तर जागा आहे, हेही सांगा. नाहीतर गावात गोष्ट अशी पोचते की तोंड उघडलं म्हणून कामावरून काढलं, आणि पुढची बाई ऑफिसची पायरी चढत नाही.

मुकादमाने धमकी दिली असेल, मारहाण झाली असेल किंवा त्याच्या वहीत अशी आणखी नावं निघाली, तर प्रकरण कंपनीच्या भिंतीआड मिटवू नका. या कायद्याखाली अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, म्हणजे मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात लेखी अर्ज करायचा. चौकशीनंतर मिळणारं मुक्ती प्रमाणपत्र त्या कामगारासाठी फार मोलाचं असतं, केंद्राच्या पुनर्वसन योजनेची मदत त्यावर अवलंबून असते. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. अर्ज केला तर आपलंच नाव येईल, ही भीती रास्त आहे. येईलही. पण अशा गुन्ह्याला हातभार लावणाराही या कायद्यात शिक्षेला पात्र असतो, आणि कळल्यावर गप्प बसलेल्या मालकिणीपेक्षा स्वतः अर्ज घेऊन गेलेल्या मालकिणीची बाजू कुठेही भक्कमच असते.

आता बाकीच्या १३९ माणसांकडे येऊ. पगार बँकेत जातो, हे तुमचं समाधान आम्हाला पुरेसं वाटत नाही. रोख पगाराच्या काळात मुकादम पाकिटातून कापायचा. आता तो कार्ड ठेवून घेतो, पिन त्याला ठाऊक असतो, ७ तारखेला एकाच एटीएमवर ओळीने वीस कार्डं चालवतो आणि उरलेली रक्कम हातावर ठेवतो. कंपनीच्या कागदावर सगळं स्वच्छ दिसतं. हे पकडायला ऑडिटर लागत नाही. पगाराची शीट उघडा आणि मोबाइल नंबरचा रकाना सॉर्ट करा. एकच नंबर तीन-चार नावांपुढे दिसला तर तिथे थांबा. मग हेच पत्त्याच्या, नॉमिनीच्या आणि अडीअडचणीला कळवायच्या माणसाच्या रकान्यात करा. एकाच गावच्या वीस लोकांचा पत्ता सारखा असू शकतो, त्यात गैर काही नाही. पण वीस जणांच्या खात्याला जोडलेला मोबाइल मुकादमाच्या मेव्हण्याचा असायला काहीच कारण नाही.

दुरुस्ती कंटाळवाणी आहे, पण होते. दहा-दहाच्या तुकड्या करा, भरपगारी अर्धा दिवस द्या, बँकेच्या शाखेत जुनं कार्ड बंद करून नवं घ्यायला लावा आणि खात्याला स्वतःचा नंबर जोडून घ्या. रोज एक तुकडी गेली तर चौदा दिवसांचं काम. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना कार्डाची सक्ती करू नका, पासबुक आणि बँकेच्या कियोस्कवरचा अंगठा पुरतो. सोबत ऑफिसचा माणूस जाईल, सुपरवायझर नाही. आधारची झेरॉक्स ठेवा आणि मूळ कार्ड सगळ्या साइटवर एकाच दिवशी सही घेऊन परत करा. एका साइटला आज आणि दुसरीला पुढच्या सोमवारी, असं केलंत तर मधल्या दिवसांत कागद जागा बदलतात. ‘ही माणसं कागद हरवतात, म्हणून मी जपून ठेवतो’ असं मुकादम म्हणेल. कधीकधी ते खरंही असतं. त्यावर उपाय म्हणून साइटवर किल्लीचा लॉकर द्या आणि किल्ली कामगाराकडे राहू द्या.

मग माणसांशी बोलणं. इथे बहुतेक कंपन्या चुकतात, कारण सुपरवायझरने निवडलेले पाच जण सुपरवायझरसमोरच बसवले जातात आणि ‘कोणी जबरदस्ती करतं का?’ असं विचारलं जातं. उत्तर ठरलेलं असतं, ‘नहीं मैडम, सब ठीक है.’ नावं हजेरीपटावरून तुम्ही काढा, दर साइटमागे निदान चार-पाच, आणि त्यात रात्रपाळी आलीच पाहिजे. बोलणारी व्यक्ती शक्यतो बाई असावी आणि तिला भिली किंवा निमाडी समजत असावी. जागा साइटबाहेरची, वेळ ड्युटीतली. प्रश्न साधे आणि मोजता येतील असे विचारा. मागचा पगार हातात किती आला आणि कोणत्या तारखेला? आधार या क्षणी कुठे आहे? उचल किती होती, फिटली किती, हिशेब कोणाच्या वहीत आहे आणि ती वही तुम्ही कधी पाहिली आहे का? खोलीचं भाडं आणि किराणा कोण कापतं? रात्री खोलीला बाहेरून कुलूप लागतं का? उद्या गावी जायचं ठरवलं तर आधी कोणाला सांगाल आणि तो काय म्हणेल? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस गप्प झाला, तर ती शांतता नोंदवून ठेवा. नावं लिहू नका. एकाच्या बोलण्यावरून एकाच साइटवर कारवाई केली तर कोण बोललं हे तासाभरात कळतं, म्हणून जे बदलायचं ते नऊही साइटवर एकदमच बदला.

हातात आलेला पगार आणि पावतीवरचा पगार यांतला फरक तुम्हाला बरंच सांगून जाईल. फरक पाचशेचा असेल तर कोणी तरी कमिशन खातं आहे. तो तीन-चार हजारांचा असेल, तर उचल, भाडं आणि किराणा अशी तीन भोकं एकाच माणसाने पाडलेली असतात. डबल ड्युटी वेगळी तपासा. २६ दिवसांचे १२,००० धरले तर दिवसाचे ४६१ रुपये होतात. जादा आठ तासांना दुप्पट दराने ९२३ द्यायला हवेत. बाजारात त्या दुसऱ्या पाळीचे ४६१च दिले जातात, आणि उचल घेतलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते.

मुकादमाला तडकाफडकी काढावं का? आम्ही घाई करणार नाही, अर्थात मारहाण किंवा कुलूपबंदी नसेल तर. तो बहुधा त्याच गावचा असतो. इथून काढलेला मुकादम गावात जाऊन त्या बायकांच्या घरी वसुलीला बसतो. आधी कार्डं, कागद, पगार आणि वही त्याच्या हातून काढून घ्या. एवढं गेलं की त्याच्याकडे माणसं आणून देणं एवढंच काम उरतं, आणि त्याचे पैसे तुम्ही उघडपणे, बिलावर, प्रत्येक माणसामागे ठरवून द्या. कामगाराकडून एक रुपयाही नाही, प्रवासभाडंही तुमचंच. ‘माणूस सहा महिने टिकला तर उरलेलं कमिशन’ असा करार ऐकायला शहाणा वाटतो. तो करू नका. माणूस टिकण्यावर कमिशन लावलंत, की त्याला अडवून ठेवण्याचं कारण तुम्हीच मुकादमाला दिलंत. रक्कम कामावर हजर होताच एकरकमी द्या आणि विषय संपवा.

उचल मात्र बंद करून चालणार नाही. लग्न, आजारपण, पेरणी, घराचं छप्पर, ही गरज खरी आहे. कंपनीने दार लावलं तर माणूस रात्री मुकादमाकडेच जाणार. म्हणून कंपनीची स्वतःची उचल सुरू करा. बिनव्याजी, जास्तीत जास्त अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढी, एका वेळी एकच. कापणी दरमहा पगाराच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. कायद्याने सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत चालतात, पण निम्मा पगार कापलेला माणूस १५ तारखेला पुन्हा हात पसरतो आणि चक्र तिथूनच फिरायला लागतं. प्रत्येकाची एक छोटी वही ठेवा, तिची एक प्रत त्याच्याकडे, हिंदीत, मोठ्या आकड्यांत. आणि एक ओळ ठळक लिहा : उचल बाकी असली तरी काम सोडता येतं. बाकी राहिलेली रक्कम शेवटच्या हिशेबातून जेवढी नियमात बसते तेवढीच वळती करा, उरलेली सोडून द्या. वर्षाला काही हजार बुडतील. नवा माणूस शोधण्या-शिकवण्याच्या खर्चापुढे ते फार नाहीत.

पण ताई, हे सगळं करूनही गाडी जिथे अडेल ती जागा तुमच्या कोटेशनमध्ये आहे. हिशेब मांडून पाहा. मध्य प्रदेशात किमान वेतनाचा महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. श्रमायुक्तांचं कार्यालय इंदुरातच आहे, चालू दर तिथल्या आदेशातून घ्या. इथे सोयीसाठी २६ दिवसांचे १२,००० धरू. पीएफचा मालकाचा वाटा खर्चासकट १३ टक्के, म्हणजे १,५६०. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ३.२५ टक्के, ३९०. बोनस ८.३३ टक्के, साधारण १,०००. ग्रॅच्युइटीसाठी ४.८१ टक्के, ५७७. वर्षाच्या पंधरा भरपगारी रजा धरल्या तर महिन्याला आणखी ५७७. कपडे, बूट, हातमोजे ३००. इथपर्यंत झाले १६,४०४. आता क्लायंटला माणूस तीसही दिवस हवा असतो. आठवड्याच्या सुट्टीच्या चार दिवसांना बदली माणूस लागतो, त्याचे पीएफ-ईएसआय धरून २,१४६. एकूण १८,५५०. यात तुमचा नफा नाही, फिनाईल नाही, १८ टक्के जीएसटीही नाही. तुमचं कोटेशन माणशी पंधरा-साडेपंधरा हजारांचं असेल, तर मधले तीन हजार कुठून येतात? एक तर बदली माणूस नसतो आणि तीच बाई तीस दिवस राबते, किंवा पीएफ निम्म्यांचाच भरला जातो, किंवा डबल ड्युटी एकेरी दराने निघते. सगळ्यात कमी बोली लावून टेंडर जिंकल्याचे पेढे वाटले जातात, तेव्हा ते पेढे कोणाच्या पगारातले आहेत हे याच बेरजेत दिसतं.

दुसरी गळती तारखांची आहे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आणि क्लायंट बिल चुकवतो साठाव्या दिवशी. १४० माणसांचे, वरच्या हिशेबाने, महिन्याला जवळपास २६ लाख लागतात, म्हणजे ५२ लाख कायम अडकलेले. ते नसले की पगार २० तारखेवर जातो. मधल्या दिवसांत भाजी-भाकरीला खर्ची कोण देतं? मुकादम. आठवड्याला पाचशे-पाचशे करत अठरा हजारांची वही अशीच भरते. ब्रिटनच्या फॉर्ममध्ये या तारखांबद्दल प्रश्न असण्याची आशा नको. तुम्हीच तो मुद्दा घाला.

आता फॉर्म. ब्रिटनच्या २०१५च्या मॉडर्न स्लेव्हरी अ‍ॅक्टमध्ये वर्षाला ३.६ कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनी आपल्या आणि पुरवठादारांच्या कामात गुलामगिरी राहू नये म्हणून काय केलं, याचं निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करायचं असतं. तो कायदा तुम्हाला थेट लागू नाही. तुम्हाला बांधतो तो पिथमपूरच्या कारखान्याशी झालेला करार, त्यामुळे फॉर्मवर खोटं लिहिलं तर भांडण इथल्याच कोर्टात होईल. नेटवरून उचललेलं ‘शून्य सहनशीलता धोरण’ जोडू नका, असली धोरणं तपासणारे दिवसाला दहा वाचतात. जे आहे ते लिहा. मुकादमामार्फत भरती होत होती, कागद आणि कार्डं ताब्यात ठेवल्याचं आढळलं, अमुक तारखेला परत केली, इतक्या जणांशी बोललो, इतक्या खात्यांचे नंबर बदलले, उचलीचा नियम असा केला, हे अजून राहिलं आहे. सोबत तीन मागण्या लेखी करा. किमान वेतन बदलेल तेव्हा दर आपोआप बदलावा, आणि बिल तीस दिवसांत मिळावं. तिसरी, त्रुटी सापडल्यास करार तोडण्याआधी सुधारणेला नव्वद दिवस. ही ओळ नसेल तर खरं बोलणाऱ्या पुरवठादाराचं काम जातं आणि लपवणाऱ्याचं टिकतं. क्लायंटचा खरेदी विभाग कुरकुरेल. त्यांना माणशी बेरजेचा कागद दाखवा आणि यातला कोणता आकडा कमी करू, असं विचारा.

पुरवठा साखळी म्हटलं की लोक झाडू आणि फिनाईलच्या मागे धावतात. तुमच्या आकाराच्या कंपनीने आधी माणसांची साखळी पाहावी. काचा पुसणारा सबठेकेदार, पेस्ट कंट्रोलवाला, कपडे धुणारी लॉन्ड्री, भंगार उचलणारा. त्यांची माणसं तुमच्याच साइटवर असतात आणि तुमच्या हजेरीपटावर नसतात. त्यांनाही नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि आधार कुठे आहे, हेच विचारा. सुट्टीत मावशीबरोबर आलेली चौदा वर्षांची मुलगी बहुधा इथेच सापडते. वयासाठी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला पाहा, आधारवरची जन्मतारीख पुरावा मानू नका. अठराखाली कोणीच नको हा नियम सोपा आणि पाळता येण्यासारखा आहे. मूल अडकवून ठेवलेलं दिसलं तर मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक १०९८. आणि क्लायंटने ‘आलाच आहात तर चेंबरही उघडा’ म्हटलं तर तिथेच नाही म्हणा. गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मृत्यू झाला तर भरपाई ३० लाखांची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं आहे.

मालापैकी तीन गोष्टींकडे लक्ष द्या. रबरी हातमोजे : मलेशियातल्या काही कारखान्यांमध्ये परदेशी कामगारांना कर्जात अडकवून राबवल्यावरून २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेने त्यांचा माल बंदरातच अडवला होता. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि देश नसेल तर घेऊ नका. युनिफॉर्म : तमिळनाडूच्या काही सूतगिरण्यांत मुलींना तीन वर्षं वसतिगृहात ठेवून शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे द्यायची पद्धत बदनाम झाली. मध्येच सोडलं तर ते पैसे बुडायचे. शिवणाऱ्याला कापड कुठल्या गिरणीचं हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. झाडू : घरोघरी, नगावर बांधले जातात, मुलांचे हात लागण्याचा धोका तिथे मोठा. सियागंजच्या घाऊक बाजारातून सुटा, बिनबिलाचा माल उचलण्याऐवजी एकच पुरवठादार धरा. याच्या पलीकडे शोध घेणं तुमच्या आवाक्यात नाही. फॉर्ममध्ये तिथे ‘तपासलेलं नाही’ असं सरळ लिहा.

हे सगळं खरंच लागू झालं का, याची पहिली तपासणी कधी करायची? होळीच्या आधीचा आठवडा धरा. तेव्हा झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडे भगोरियाचे हाट, म्हणजे आदिवासींच्या होळीआधीच्या जत्रा, भरतात आणि तिकडचा माणूस काहीही करून गावी जातो. रजेचे किती अर्ज आले आणि त्यांतले किती जण खरंच गेले, हे दोन आकडे साइटवार लिहून ठेवा. त्या आठवड्यात बदली माणसांसाठी तुमची धावपळ उडाली तर ठीक चाललं आहे. एखाद्या साइटची हजेरी शंभर टक्के भरली असेल, तर तिथल्या मुकादमाची वही दुसऱ्या दिवशी सकाळी मागवा.